मडक्यात मुरलेलं नाव

फार फार पूर्वी एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक परीराणी राज्य करत होती. 'करत होती' हे आपलं गोष्टीची रीत म्हणून म्हणायचं. ती आजही तिथेच राज्य करते आहे, कारण तिला मरण नव्हतं. बाकीच्या पऱ्या हजार-हजार वर्षं जगायच्या आणि मग वाऱ्यात विरून जायच्या. राणी तेवढी कायम असायची.

राणी चांगली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तिचा राग येईल. तिच्या राज्यात कधी कुणावर अन्याय झाला नाही, आणि त्याचं कारण एवढंच, की तिने कधी घाई केली नाही. एकदा दोन ओढे भांडत तिच्यापुढे आले. दरीत आधी कुणी उतरायचं, यावरून भांडण. राणी दोघांच्या मधल्या दगडावर बसली आणि ऐकत राहिली. निकाल लागेपर्यंत त्या दगडावर शेवाळ चढलं, पण निकाल असा लागला की दोन्ही ओढे एक होऊन दरीत उतरले. "सावकाश होऊ दे," हे तिचं आवडतं वाक्य होतं. जिला मरायचंच नाही तिला ते शोभतही होतं.

सगळ्यात जास्त वेळ ती लावायची नावांना. त्या राज्यात नव्या परीचं नाव राणीनेच ठेवायचं अशी रीत होती. नाव सुचलं की राणी ते एका कोऱ्या मडक्यात हळूच सांगायची, वर फडकं बांधायची आणि मडकं गुहेत ठेवून द्यायची. लोणचं मुरतं तसं नावही मुरायला हवं, असं तिचं म्हणणं. पुष्कळ वर्षांनी फडकं सोडून ती मडक्याला कान लावायची. नाव विटलेलं निघालं तर मडकं फोडून टाकायचं आणि दुसरं नाव दुसऱ्या मडक्यात ठेवायचं. चांगलं मुरलेलं निघालं की मग बारसं. राणी बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायची, बाळाने 'ओ' दिली की नाव पक्कं व्हायचं, आणि त्यानंतरच ते इतरांना कळायचं. तोपर्यंत सगळे त्या परीला नुसतं 'बाळ' म्हणायचे. हजार वर्षं जगणारीला चाळीस-पन्नास वर्षं बाळ म्हणवून घ्यायला काही वाटत नसे.

एका वर्षी डोंगराखालच्या नदीला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर पऱ्यांना उंबराच्या फांदीत अडकलेली एक पाटी दिसली. पाटीत माणसाचं मूल होतं, मुलगी. तिला शोधत कुणी आलं नाही. पऱ्यांनी पाटी उचलून राणीपुढे आणून ठेवली. राणी वाकून बघायला लागली, तशी त्या पोरीने तिचं बोट धरलं आणि सोडलंच नाही. राणीच्या एवढ्या मोठ्या आयुष्यात तिचं बोट असं कुणी धरलं नव्हतं. त्या क्षणापासून ती राणीची लेक झाली.

परीराज्यात एक म्हातारी दाई होती. तिने पाळणा बांधला, दिवस मोजले, आणि बाराव्या दिवशी घुगऱ्या शिजवून ती राणीकडे आली.

"राणीसाहेब, माणसांत आज नाव ठेवतात. हिचंही आज काहीतरी ठेवून टाका."

"काहीतरी?" राणी दुखावली. "माझ्या लेकीला काहीतरी नाव ठेवू? आजवर कुणाला मिळालं नाही असं नाव शोधीन मी. सावकाश होऊ दे."

"माणसांचं सावकाश वेगळं असतं, राणीसाहेब."

पण राणीने तोवर मडकी मागवली होती. पाळणा रिकामाच हलत राहिला. घुगऱ्या पऱ्यांनी खाऊन टाकल्या.

मुलगी वाढू लागली. तिचा पहिला दात पडला तेव्हा पऱ्यांची पळापळ झाली, कारण पऱ्यांचे दात पडत नाहीत. दाईने सगळ्यांना गप्प केलं. राणीची मुलीवर फार माया होती, हे कुणीही सांगितलं असतं. ती रोज स्वतःच्या हाताने तिची वेणी घालायची, तिला मांडीवर घेऊन डोंगरांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायची. मुलीला थंडी वाजली तर सूर्याला ढगाबाहेर बोलवायची. फक्त हाक मारायची वेळ आली की 'बाळ' म्हणायची.

"आई, माझं नाव झालं का?" मुलगी विचारायची.

"मुरतंय, बाळ."

कधी कधी मुलगी गुपचूप गुहेत जाऊन मडक्याला कान लावायची. आतून नुसता घूं आवाज यायचा. राणी तिला तिथून उचलून आणायची आणि म्हणायची, "कच्चं नाव ऐकू नये. बाधतं."

नावं एकामागून एक विटत गेली. एक फारच बोजड निघालं, एक ऐकताना सुंदर पण हाक मारायला अवघड. मडकी फुटत गेली आणि नवी लागत गेली. ती डोंगराखालच्या गावातल्या कुंभाराकडून यायची. कुंभाराचा मुलगा डोक्यावर उतरंड घेऊन डोंगर चढायचा, आणि मडकी मोजून घ्यायचं काम या मुलीकडे होतं. असं पुष्कळ वर्षं चाललं. नाव काही सापडलं नाही, पण मडक्यांच्या पायी नवरा सापडला.

लग्न गावात, कुंभाराच्या अंगणात झालं. राणी सगळ्या पऱ्यांना घेऊन खाली उतरली होती. नव्या सुनेचं नाव तांदळात लिहायची गावची रीत. सासूने ताटात तांदूळ पसरले आणि विचारलं, "काय लिवायचं गं पोरी?"

मुलगी उठली आणि राणीला थोडं बाजूला घेऊन गेली.

"आई, आज ठेव माझं नाव. कसलंही चालेल. साधं ठेव, लहान ठेव. पण आज ठेव."

आता ऐका. राणीकडे तेव्हा एक नाव होतं. आदल्याच दिवशी तिने मडकं उघडलं होतं आणि आतलं नाव चांगलं मुरलेलं निघालं होतं. शेवटच्या अक्षराशी जरासं कच्चं होतं, एवढंच. राणीच्या ते अगदी ओठावर आलं. तिने लेकीकडे बघितलं. हळदीचं अंग, कपाळावर मुंडावळ्या, आणि डोळ्यांत लहानपणापासूनचा तोच प्रश्न. एवढ्या सुंदर मुलीला जरासं कच्चं नाव द्यायचं तिच्या जिवावर आलं.

"थोडंच राहिलंय, बाळ," राणी म्हणाली. "एकदाच ठेवायचं असतं नाव. सावकाश होऊ दे."

मुलगी परत पाटावर जाऊन बसली आणि सासूला म्हणाली, "तांदूळ तसेच राहू द्या, आत्याबाई. आईने नाव शोधायला घेतलंय."

"आमी ठिवतो की येखादं. त्यात काय येवढं?"

"नको. आई ठेवणार आहे."

सासूने ताट तसंच उचललं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, पण त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

संसार सुरू झाला. गावात तिला 'कुंभाराची सून' म्हणायचे. मुलं झाल्यावर त्यांची आई म्हणून हाक यायची. आपल्या मुलांची बारशी मात्र तिने बाराव्या दिवशीच केली, एक दिवसही पुढे जाऊ दिला नाही. दर दिवाळीला ती माहेरी डोंगरावर जायची आणि राणीच्या मांडीवर डोकं ठेवायची.

"आई, झालं का गं?"

"मुरतंय, बाळ."

एका दिवाळीला राणी तिची वेणी घालता घालता थांबली. "तुझ्या केसांना भट्टीची राख लागलीय बघ," ती म्हणाली, आणि ओल्या फडक्याने केस पुसू लागली. कितीही पुसलं तरी राख जाईना. दाई दारात उभी होती, तिने तोंड फिरवलं. मुलीने आईचा हात हळूच धरला आणि म्हणाली, "राहू दे आई. ती राख तशीच राहते."

पुढे डोंगर चढताना तिला दम लागायला लागला. मग एखादी दिवाळी चुकायची. मग नात वर यायची आणि निरोप सांगून जायची. मग तीही येईनाशी झाली. राणीला त्यात काही वावगं वाटलं नाही. परवा-परवाच तर लेक येऊन गेली होती.

आणि एका सकाळी राणीने एक मडकं उघडलं, कान लावला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. असं नाव तिने आजवर ऐकलं नव्हतं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मुरलेलं होतं, मोठं नव्हतं, लहान नव्हतं, आणि त्यात लेकीचं सगळं हसणं होतं. राणीने सगळ्या परीराज्याला उठवलं. घुगऱ्या शिजल्या. माळ्यावरचा पाळणा काढून फुलांनी सजवला. दाईने पाळण्याकडे बघितलं, राणीकडे बघितलं, आणि घुगऱ्यांचं पातेलं उचललं.

वाजतगाजत सगळ्या डोंगर उतरल्या. कुंभाराच्या अंगणात एका बाजेवर एक म्हातारी ऊन खात पडली होती. राणी तिच्याजवळून पुढे गेली, तिने घरात डोकावलं, परसात बघितलं. मग परत येऊन तिने म्हातारीलाच विचारलं, "आजी, माझी लेक कुठे आहे हो?"

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. तिचा सगळा चेहरा उजळला.

"आई," ती म्हणाली. "आलीस तू?"

राणी खाली बसली.

घरातून नात बाहेर आली. आता ती स्वतः लेकुरवाळी होती. ती म्हणाली, "मोठ्यानं बोलून उपेग न्हाई जी. आजीचं कान गेलं. ढग गडगडलं तरी तिला काय बी ऐकू येत न्हाई आता."

राणीने नद्या वळवल्या होत्या, सूर्याला ढगाबाहेर बोलावलं होतं. पण माणसाचं सरलेलं वय परत आणायची विद्या परीराज्यात नव्हती. तिची तिथे कधी गरजच पडली नव्हती.

तरीही राणी वाकली. म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन तिने 'कुर्र' केलं आणि ते नाव सांगितलं. म्हातारी वाट बघत राहिली. राणीने पुन्हा सांगितलं. मग दुसऱ्या कानात सांगितलं.

"नाव सांगतेस ना?" म्हातारी म्हणाली. "कानाला तुझा श्वास लागतोय. चांगलं आहे का गं?"

राणीने मान डोलावली.

"खूप चांगलं?"

राणीने पुन्हा मान डोलावली.

"मला वाटलंच होतं," म्हातारी म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली.

त्या हसण्याने राणीचा बांध फुटला. लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती रडू लागली, आणि रडता रडता तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बाळ."

म्हातारीचे डोळे राणीच्या ओठांवर होते. तान्ही होती तेव्हापासून तिने त्या ओठांवर हाक म्हणून हा एकच शब्द बघितला होता. तो ओळखायला तिला कानांची गरज नव्हती.

"ओ," ती म्हणाली.

दिवेलागणीला ती गेली. तिच्या मुठीत राणीचं बोट होतं.

राणी डोंगरावर परतली. तिने गुहेतली उरलेली सगळी मडकी फोडून टाकली. परीराज्यात आता बारसं बाराव्या दिवशी होतं आणि सुचेल ते नाव ठेवतात. काही नावं अगदीच कशीतरी असतात, पण पऱ्या त्यांना आनंदाने ओ देतात. ते सुंदर नाव मात्र राणीने पुन्हा कुणाला दिलं नाही. रीतीप्रमाणे ओ मिळाली होती ती 'बाळ'ला, आणि तेच नाव पक्कं झालं.

खालच्या गावात अजूनही लग्नात आधी एक ताट तांदूळ काही न लिहिता क्षणभर तसंच ठेवतात. का ठेवतात, हे नव्या मुलींना ठाऊक नसतं. राणीला ठाऊक आहे. ती अजून राज्य करते, अजून तिला मरण नाही. ज्या लेकीसाठी तिला सवड काढायची होती ती नाही, आणि सवड मात्र कधी संपायची नाही.

तात्पर्य एवढंच: माया करताना आपल्या हातात वेळ किती आहे ते बघू नये, समोरच्याच्या हातात किती उरला आहे ते बघावं. हाक साधी असली तरी चालते, ती ऐकू येईल तेव्हा मारावी.