दुसरे तट्टू

वेणुप्रस्थ नगरात जयमित्र राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रिक. जनावर विकताना त्याची खोड तो गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच सांगून टाकी. त्यामुळे धंद्याला फारशी बरकत नव्हती, पण झोप चांगली लागत असे.

त्याच नगरात खंडिल नावाचा राजाचा दूत राहत होता. गळ्यात राजाच्या पत्रांची थैली अडकवून सरहद्दीपर्यंत घोडा फेकणे हे त्याचे काम. वीस वर्षांत त्याने एकही थैली हरवली नव्हती, कारण वीस वर्षांत त्याने कुणावर विश्वासच ठेवला नव्हता. वाटेत कुणी पाणी देऊ केले, तर आधी तो देणाऱ्यालाच प्यायला लावी. धंद्याचा हा गुण पुढे घरातही शिरला. बायकोने, मालिनीने, सण नसताना खीर केली की तो पहिला घास घेण्याआधी ‘आज काय विशेष?’ असे विचारी, आणि उत्तराने त्याचे समाधान होत नसे.

एका हिवाळ्यात खंडिल घोड्यासकट दरडीवरून कोसळला. घोडा गेला. खंडिल वाचला, पण त्याच्या मांडीचे हाड असे वाकडे जुळले की त्याला पुन्हा घोड्यावर बसता येईना. त्या नगराची रीत अशी होती, की दूताचे काम आणि त्याबरोबर मिळालेले घर त्याच्या वारसाकडे जाई. मात्र वारसाने शरदातल्या अश्वपूजेच्या दिवशी राजाची थैली गळ्यात घालून पूर्ववेशीपासून पश्चिमवेशीपर्यंत घोड्यावरून यायचे, आणि वाटेत त्याचा पाय जमिनीला लागता कामा नये. न जमले तर घर सोडायचे. खंडिलला दहा वर्षांची एकुलती एक मुलगी होती, पाटली. मुलगी चालणार नाही असे नियमात कुठे म्हटले नव्हते, कारण तसा विचार आजवर कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. पण पाटली आजवर कुंपण सोडून कशावरही बसली नव्हती.

अश्वपूजेला चार महिने उरले असताना एके सकाळी भद्रिक दोन तट्टे घेऊन खंडिलच्या दारात आला. एक तपकिरी मादी, अंगाने आटोपशीर. दुसरे म्हातारे, पांढऱ्या तोंडाचे, एका डोळ्यात फूल पडलेले.

“पोरीला शिकायला घोडं नाही असं ऐकलं,” भद्रिक म्हणाला. “ही दोन्ही ठेवा. ती शिकली की परत करा.”

“मोबदला काय?”

“काही नको.”

हे उत्तर ऐकून खंडिल आणखीच सावध झाला. मोबदला मागणारा माणूस निदान काय घेणार ते कळते. “एक पोरीला बसायला,” तो म्हणाला. “दुसरं कशाला?”

“ते तिला दिसेल असं उभं करा, म्हणजे या तपकिरीला. एकटं घोडं भेदरतं. जोडीचं नजरेसमोर असलं की त्याचा जीव थाऱ्यावर राहतो.”

खंडिलने दोऱ्या हातात घेतल्या, कारण दुसरा उपाय नव्हता. पण त्याचे लक्ष तट्टांकडे नव्हतेच. हा चेहरा त्याने पाहिला होता. बारा वर्षांपूर्वी सरहद्दीच्या चौकीवर हाच व्यापारी पुढच्या मुक्कामी पाणी कुठे आहे याची चौकशी करीत होता, आणि इतकी बारीक चौकशी करणारा हेरच असणार असे ठरवून खंडिलने चौकीदाराच्या कानात तसे सांगितले होते. व्यापाऱ्याला दोन पावसाळे बंदीत काढावे लागले. त्याचा कळप जप्त होऊन दाही दिशांना पांगला. पुढे तो निर्दोष ठरला. ही गोष्ट खंडिलने मालिनीलाही कधी सांगितली नव्हती. आता तोच माणूस दारात येऊन काही न मागता तट्टे देऊन गेला होता. याने आपल्याला ओळखले नाही, की ओळखून गप्प राहिला, हा प्रश्न खंडिलच्या मनात घर करून बसला.

त्याने तट्टांचे दात पाहिले, खूर खरवडले, आयाळ विंचरून आत काही गुंफले आहे का ते तपासले. काहीच सापडले नाही. तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. मेख कुठे असेल तर ती त्या दुसऱ्या तट्टात, असे त्याने ठरवले. दूताला ठाऊक असते, की शिकवलेले घोडे आपल्या सोबत्यामागे वाटेल तिथे जाते. बारा वर्षांच्या रागाचा सूड म्हणून हा माणूस एक दिवस पोरीला त्या म्हाताऱ्याच्या मागे भलतीकडे नेणार.

म्हणून त्याने म्हातारे तट्टू परसात कुडाआड बांधले. तपकिरीला लांब दोरी लावून ती अंगणातल्या खांबाला बांधली आणि पाटलीला सांगितले, “या दोरीबाहेर जायचं नाही.”

पाटली शिकू लागली. पडली, रडली, पुन्हा चढली. महिन्याभरात ती दुडक्या चालीवर ताठ बसू लागली. पण दोरीने बांधलेले तट्टू जाणार कुठे? ते खांबाभोवती डावीकडेच फिरत राही आणि दर फेरीला कुडाकडे मान वळवून खिंकाळे. पलीकडून म्हातारे उत्तर देई. या सांकेतिक भाषेचा अर्थ काय असावा, याचा विचार करीत खंडिल ओसरीवर बसून असे.

भद्रिक दर आठवड्याला पोरीला पाहायला येई. एकदा तो म्हणाला, “आता दोरी सोडा. रस्त्यावर जाऊ द्या तिला. आणि दोघांना एकत्र ठेवा.”

“बघू,” खंडिल म्हणाला, आणि त्याच दिवशी त्याने दोरीला आणखी एक गाठ मारली.

मालिनी एकदा वैतागली. “अहो, सरळ रस्त्यावर एकदा तरी चालवू द्या तिला. वेशीपासून वेशीपर्यंत खांब नाही.”

“तुला कळायचं नाही ते.”

“मला एवढंच कळतं, की पोर हरली तर आपण रस्त्यावर येणार.”

अश्वपूजेचा दिवस उजाडला. पश्चिमवेशीपाशी राजाचे आसन मांडले होते. जुन्या दूतांच्या ओळीत खंडिल काठी टेकून उभा होता. तिथून बाजारचौकापर्यंतचा सरळ रस्ता नजरेत येई. नगारा वाजला आणि दूरवर तपकिरी तट्टू दिसू लागले. पाटली ताठ बसली होती, थैली छातीवर. खंडिलला हुंदका आला, तो त्याने खोकल्यात घालवला.

अंगणासारख्या मोकळ्या चौकात पोचताच तट्टू डावीकडे वळले. एक फेरी. दुसरी फेरी. लोक हसू लागले. पाटली लगाम ओढत होती, टाच मारत होती, पण चार महिने शिकलेली वाट तट्टू सोडीना. एवढ्यात पुन्हा नगारा झडला. तट्टू बुजले, दोन पायांवर उभे राहिले आणि चौकालगतच्या तळ्याच्या उताराकडे सरकू लागले. खाली दगडी पायऱ्या होत्या. पाटली त्याच्या मानेला घट्ट बिलगली.

त्याच वेळी खंडिलची नजर वेशीच्या कमानीकडे गेली. कमानीखाली भद्रिक उभा होता. त्याच्या हातात म्हाताऱ्या तट्टाची दोरी होती. शेजारी मालिनी उभी होती. परसातले दार तिनेच उघडले होते. घरही फितूर झाले, असे खंडिलला वाटले. बारा वर्षांपूर्वीचेच शब्द त्याच्या तोंडून गेले.

“पकडा त्याला. तो हेर आहे.”

पहारेकरी धावले. एकाने भद्रिकचा हात पिरगळला, दुसऱ्याने भाल्याच्या दांड्याने त्याला गुडघ्यावर आणले. भद्रिकने प्रतिकार केला नाही. दुसऱ्या हातातली दोरी मात्र त्याने सोडली नाही. त्या हातावर दांडा बसला, तरी सोडली नाही. म्हातारे तट्टू कमानीत जिथल्या तिथे उभे राहिले आणि खिंकाळले.

उतारावर तपकिरीने कान टवकारले. तिने मान फिरवली. कमानीतले पांढरे तोंड दिसताच ती पायऱ्यांकडे पाठ करून रस्त्यावर आली आणि तीरासारखी सुटली. खांब नाही, दोरी नाही, डावे नाही की उजवे नाही. कमानीत येऊन तिने म्हाताऱ्याच्या मानेवर मान टाकली, तेव्हाच ती थांबली. पाटलीचा पाय अजून जमिनीला लागला नव्हता.

“फेऱ्या किती माराव्या ते नियमात नाही,” राजा म्हणाला. “पोरगी पोचली.”

खंडिल लंगडत कमानीपाशी गेला. भद्रिकचे मनगट सुजले होते. पाटली तट्टावरून उतरून त्याच्याशेजारी बसली होती आणि वडिलांकडे पाहायला तयार नव्हती.

“तू मला ओळखलं होतंस का?” खंडिलने विचारले.

“पहिल्याच दिवशी. आवाजावरून. चौकीवरची तुमची कुजबुज मी ऐकली होती.”

“मग का आलास?”

“तुमचा तेव्हा गैरसमज झाला, आजही झाला,” भद्रिक म्हणाला. “पोरीनं माझं काय बिघडवलं होतं?” मग त्याने म्हाताऱ्या तट्टाच्या मानेवर हात ठेवला. “बंदीतून सुटलो तेव्हा माझ्या कळपातली ही दोनच परत मिळाली. एकमेकांना चिकटून राहिली, म्हणून पांगली नाहीत. माझ्याकडे जे उरलं होतं ते मी आणलं.”

काठी टेकत खंडिल राजाकडे वळला. सगळ्यांसमक्ष, राजासमोर, त्याने बारा वर्षांपूर्वी चौकीदाराच्या कानात सांगितलेले मोठ्याने सांगितले. आजचा आरोपही खोटा होता आणि आपल्याला लाज वाटते, हेही सांगितले. मग घरी जाऊन त्याने अंगणातला खांब उपटला. पाटली पुढे राजाची दूत झाली, आणि दोन्ही तट्टे भद्रिककडे परत गेली तेव्हा ती एकाच दोरीने बांधलेली होती.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली ती एका भिक्खूमुळे. एका उपासिकेने शिवून दान केलेल्या वस्त्रात, चीवरात, काही दडवले असेल, म्हणून त्याने सगळी शिवण उसवून पाहिली होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाचा खंडिल हाच भिक्खू. चीवर शिवणारी उपासिका तेव्हा मालिनी होती. पाटली म्हणजे आज दूरच्या जनपदांत धम्माचा निरोप नेणारी भिक्खुणी धीरा. ते म्हातारे तट्टू म्हणजे नव्या भिक्खूंना रानात भीती वाटू नये म्हणून त्यांना दिसेल अशा जागी ध्यानाला बसणारे हे वृद्ध स्थविर. आणि ज्याने दोरी सोडली नाही, तो भद्रिक मीच होतो. त्या जन्मी मी मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची पराकाष्ठा, जोपासली.”

तो भिक्खू उठला. मग शेजारच्याकडे सुईदोरा मागू लागला.