कोरड्या होड्यांची नदी

शिंपली नदी जिथं मोराच्या मानेसारखी डौलात वळते, तिथं मोरवळण नावाचं गाव होतं. त्या गावात सगुणा नावाची एक चिमुरडी राहायची. डोळे टपोरे, केस कुरळे, आणि फ्रॉकला इतकी ठिगळं की मूळ कापड कुठलं ते तिच्या आईलाही आठवत नसे. एक ठिगळ लाल, एक पिवळं, एक तर चक्क जांभळं, त्यावर पांढरे पांढरे ठिपके!

सगुणेचे बाबा नावाडी होते. गात गात ते माणसांना या तीरावरून त्या तीरावर पोचवायचे. पण नदीवर पूल झाला, लोक भुर्रकन पुलावरून जाऊ लागले, आणि बाबांची होडी काठावर पालथी पडून राहिली. बाबा आता मिळेल ते काम करायचे. काम नसलं की गप्प बसून पाण्याकडे बघायचे. सगुणेच्या डब्यात रोज एकच भाकरी असायची, आणि कधी कधी तीही अर्धीच.

त्या वर्षी शाळेत एक नवल आलं. मोठ्या खोलीत चार लांबुळकी यंत्रं येऊन बसली. प्रत्येकाला एक लांब दांडी, दांडीवर पुढंमागं घरंगळणारी बैठक, पाय अडकवायला पट्टे आणि साखळीला बांधलेली एक मूठ. मूठ ओढली की पुढचं चाक 'सूंऽऽ' करून फिरायचं.

"पाण्याशिवाय होडी वल्हवायचं यंत्र आहे हे," खेळाच्या उल्काबाई कौतुकानं म्हणाल्या. मुलांनी लगेच त्यांचं बारसं केलं: कोरड्या होड्या!

पहिल्या दिवशी नुसती झुंबड उडाली. दुसऱ्या दिवशी निम्मीच मुलं आली. तिसऱ्या दिवशी दांडगट झुंबरनं दहा वेळा जिवाच्या आकांतानं मूठ ओढली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि तो वैतागून म्हणाला, "बाई, मी आहे तिथंच आहे की! ही कसली होडी?"

सगळे हसले आणि बाहेर पळाले. सगुणेची पाळी तर आलीच नव्हती. कुणी "मला, मला" म्हटलं, की ती आपली जागा देऊन टाकायची, आणि तेवढ्यात घंटा व्हायची.

मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "उल्काबाई, शनिवारी पाहुणे बघायला येणार आहेत. मुलांना हे आवडत नसेल, तर होड्या दुसऱ्या शाळेला देऊन टाकू."

बाईंचा चेहरा एवढासा झाला. सगुणेनं तो पाहिला. पूल झाला त्या दिवशी बाबांचा चेहरा असाच झाला होता.

मधल्या सुट्टीत ती शाळेमागच्या बागेत गेली. तिथं बकुळीच्या झाडाखाली एक दगडी हौद होता. भोवती लाल कर्दळ, पिवळा झेंडू, निळीशार गोकर्ण. सगुणा काठावर बसली, डबा उघडला, तोच इवलासा आवाज आला.

"अगं आई गं! वाचवा, वाचवा!"

हौदात शेंगेच्या टरफलाची एक होडी गरगर फिरत होती. पाणी जायच्या भोकाकडे ती ओढली जात होती, आणि होडीत उभी होती एक परी! करंगळीएवढी. पंख खंड्या पक्ष्यासारखे निळे, घागरा बकुळीच्या फुलांचा, नाकात दवाच्या थेंबाची नथ. तिच्या हातातलं काडीचं वल्हं मोडलं होतं.

सगुणेचा हात काही तिथवर पोचेना. तिनं क्षणभरही विचार केला नाही. डब्यातली भाकरी तिनं अलगद पाण्यावर सोडली. भाकरी तरंगत गेली, परीनं टुणकन तिच्यावर उडी मारली, आणि सगुणेनं हातानं पाणी मागे लोटत लोटत तिला काठाशी आणलं. परी बाहेर आली, आणि भाकरी भिजून बुडून गेली.

"तुझं जेवण गेलं गं," परी हळहळली.

"असू दे, आता संध्याकाळी जेवेन," सगुणा हसून म्हणाली. "तू किती भिजलीस! ऊन लागतंय ना तिथं?"

परीनं पंख झटकले. निळे, सोनेरी, चंदेरी तुषार उडाले. "मी तरंगपरी. तुला मी तीन इच्छा देते, बाळे. पण नियम आहेत हं! पहिला नियम, जिनं इच्छा मागायची तिनं वल्हं धरायचं नाही. दुसरा, एका इच्छेची जादू शंभर ओढी टिकेल, एकही जास्त नाही. आणि तिसरा, सगळ्यांनी एका लयीत ओढलं तरच जादू दिसेल. कुणी घाई केली की गेली विरून."

सगुणेला आठवली भाकरी, आईचं फाटकं लुगडं, बाबांची पालथी होडी. मग बाईंचा तो एवढासा चेहरा आठवला. ती म्हणाली, "कोरड्या होड्यांना नदी मिळू दे."

दुपारी उल्काबाईंनी आशेनं विचारलं, "कोण येतंय?" सगुणेनं झुंबरला ओढत आणलं, आणखी तिघांना आर्जवं केली. चौघं बसली. झुंबरनं मूठ धरली आणि हिसडा दिला. काहीच झालं नाही.

"असं नाही रे," सगुणा म्हणाली. "आधी पायानं लोटायचं. मग पाठ मागे. मग हात पोटाशी. आणि परत जाताना उलटं, आधी हात, मग पाठ, मग गुडघे, अगदी हळू. होडीला दमायला द्यायचं नाही, पण तिला श्वास घ्यायला द्यायचा." आणि ती बाबांचं गाणं म्हणू लागली:

"पायानं लोट, पाठीनं झुल,
हातानं ओढ, उमललं फूल!"

चौघांनी एकदम ओढलं. सूंऽऽ! पुन्हा ओढलं. सूंऽऽ! आणि खोलीची फरशी निळी झाली. भिंती वितळून हिरवे काठ झाले. गुलाबी कमळं डुलू लागली, लालचुटूक चोचींचे पक्षी पाण्यावरून सुळकन गेले, चिमुकल्या रुपेरी मासोळ्या होड्यांशी शर्यत लावू लागल्या.

"अगं बया!" झुंबर ओरडला आणि आनंदाच्या भरात त्यानं जोरात हिसडा मारला. फट्! नदी गेली, फरशी आली.

"झुंबऱ्याऽऽ!" तिघं एकदम ओरडली. मग मात्र झुंबर जीभ चावून असा काही लयीत ओढू लागला, की नदी परत आली आणि बाई बघतच राहिल्या. त्यांना नदी दिसत नव्हती. पण आजवर हिसडे मारणारी मुलं पाय, पाठ, हात असं अचूक करत होती, आणि त्यांचे चेहरे कंदिलासारखे उजळले होते.

सगुणाही बाजूला उभी होती. तिलाही नदी दिसत नव्हती. पण झुंबरच्या डोळ्यांत तिला कमळांचा गुलाबी रंग दिसला, आणि तेवढ्यानं ती खूश झाली.

दुसऱ्या दिवशी रांग थेट दारापर्यंत गेली. सगुणेनं दुसरी इच्छा मागितली ती ढगांची. शंभर ओढी मुलं पांढऱ्याशुभ्र ढगांतून वल्हवत गेली, इंद्रधनुष्याखालून डोकी वाकवून निघाली आणि खाली उतरली तेव्हा घामानं निथळत, खिदळत होती.

आता एकच इच्छा उरली. ती शनिवारसाठी जपून ठेवायची असं सगुणेनं ठरवलं.

पण शुक्रवारी तिला मंजुळा दिसली. मंजुळेचा एक पाय जरा आखूड होता. पळापळीच्या खेळात ती नेहमी कडेला उभी असायची. आज ती बाकावर बसून रडत होती.

"काय झालं गं?" सगुणेनं विचारलं.

"मलाही बसायचंय होडीत," मंजुळा हुंदके देत म्हणाली. "पण माझा पाय नीट लागला नाही तर सगळे हसतील. मला जमलंय असं एकदा, फक्त एकदाच बघायचंय. कुणी नसताना."

सगुणेच्या मनात चलबिचल झाली. इच्छा आज खर्चली तर उद्या? उद्या होड्याच गेल्या तर? तिनं मंजुळेचे ओले डोळे पाहिले आणि तिचा हात धरला. "चल."

मोठी खोली रिकामी होती. सगुणेनं मंजुळेचा पाय पट्ट्यात बसवला, टाचेखाली दुमडून आपला रुमाल ठेवला आणि मनातल्या मनात म्हटलं, "तरंगपरी, हिला हिची नदी दाखव." मंजुळेनं ओढलं. एकदा, दोनदा. पाचव्या ओढीला तिचं तोंड उघडं राहिलं. शंभर ओढी ती गेली, एकही लय न चुकता, आणि उतरली तेव्हा तिचे गाल डाळिंबासारखे लाल झाले होते.

"सगुणे," ती कुजबुजली, "नदीत मला पाय आखूड आहे हे आठवलंच नाही!"

शनिवार उजाडला. पाहुणे आले, खुर्च्या मांडल्या गेल्या. चार होड्यांवर झुंबर, मंजुळा आणि आणखी दोघं बसली. सगळ्यांनी ओढलं. सूंऽऽ. पुन्हा सूंऽऽ. फरशी फरशीच राहिली.

"नदी कुठाय?" झुंबर पुटपुटला. लय डळमळली. एक पाहुणे घड्याळाकडे बघू लागले. उल्काबाईंनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं.

जादू तर संपली होती. मग सगुणेनं डोळे मिटले आणि नदीकाठी बाबा बोलायचे तसं बोलायला सुरुवात केली.

"घाबरू नका गड्यांनो, धुकं आहे! मंजुळे, तू पुढं हो, सगळे तुझ्या मागं. पायानं लोट, पाठीनं झुल... हां, धुकं विरतंय बघा. डावीकडे बगळा बसलाय, हळू, त्याला उडवू नका. झुंबर, पुढं खडक आहे, लांब ओढ घे! हातानं ओढ, उमललं फूल! आता वळण आलं, मोराच्या मानेसारखं वळण, आणि पलीकडच्या तीरावर आपली माणसं वाट बघतायत..."

मंजुळा ओढत होती, संथ आणि ठाम. तिच्या मागोमाग तिघं. चाकं चारही एकदम गाऊ लागली. झुंबरनं खरोखरच डावीकडे मान वळवली आणि बगळा उडू नये म्हणून श्वास धरला! पाहुण्यांनी ठेका धरला, मुलांनी धरला, अख्खी खोली गाऊ लागली. शेवटची ओढ झाली तेव्हा टाळ्यांनी कौलं थरारली.

"होड्या कुठंही जाणार नाहीत," मुख्याध्यापक डोळे पुसत म्हणाले.

उल्काबाईंनी सगुणेला जवळ घेतलं. "हे गाणं, ही लय, कुठं शिकलीस गं?"

"माझ्या बाबांकडून, बाई."

"मग सोमवारपासून तेच इथं वल्हवायला शिकवतील. मी आजच त्यांना विचारायला येते."

संध्याकाळचं केशरी ऊन खिडकीतून आत आलं. सगळे बाहेर पेढे खात होते. सगुणा एकटीच खोली झाडत होती, तेव्हा उन्हाच्या तिरिपेवरून घसरत तरंगपरी खाली आली.

"परी, माझ्याकडे आता एकही इच्छा नाही," सगुणा म्हणाली.

"म्हणूनच आले," परी हसली. "इच्छा मागणारीनं वल्हं धरायचं नाही, हा नियम आता तुला लागू नाही. बस ना, बाळे. आज तुझी पाळी."

सगुणा बसली. तिनं पायानं लोटलं, पाठ मागे झुलवली, हात पोटाशी आणले. पहिल्याच ओढीला शिंपली नदी तिच्या भोवती पसरली, सोनेरी, केशरी, लखलखती! पुढं परी उडत होती, पंखांतून निळे तारे सांडत होते. परी लहान होत गेली, प्रकाश मोठा होत गेला. "अशीच राहा गं," असा मंजुळ आवाज आला, आणि परी त्या प्रकाशात विरघळून गेली.

सगुणेचे हात थांबले नाहीत. दारात पावलं वाजली, तशी तिनं वल्हवता वल्हवताच हाक मारली, "या रे, तीन जागा आहेत! कोण कोण येतंय?"