पेल्यातलं निळं पाणी

“हिला निळं दिसतं आणि मला दिसत नाही. म्हणजे डोळे माझेच फुटले काय, आबा?”

सगुणनं विचारलं. आबा मेस्त्री विडी शिलगावत होते.

वाद होता खांबावरून. गावातलं एक जुनं घर उतरवलं, त्यातला चुलीजवळचा खांब देवळाच्या मृदंगासाठी आला. धुरानं काळाठिक्कर. लाकूड कसलं, सांगायला त्या घरचं कोणी उरलं नव्हतं. आबा म्हणाले, ओळखील तो मृदंगाचं खोड कोरील.

सगुण मिसरूड फुटायच्या आधीपासून आबांच्या हाताखाली. देवळात वाजेल ते आपल्याच हातचं, हे त्यानं मनात कधीच ठोकून ठेवलेलं. मध्येच ही सुभद्रा उपटली. नवरा गेला तशी त्याची हत्यारं गोणपाटात बांधून आबांच्या दारात उभी राहिली. शिकवा म्हणाली. आबांनी शिकवलं.

तेव्हापासून सगुणच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्या ओव्यानं थांबेना. “बरं जमलं गं,” असं आबा तिला म्हणाले की याचा हातोडा जरा जोरातच पडायचा. मांगरात, म्हणजे आबांच्या कामाच्या खोपीत, त्यांच्या शेजारी सावलीत एक पाट होता. ती येताना दिसली की हा त्यावर ऐसपैस बसून घ्यायचा. म्हणजे तिला अंगणातच बसावं लागे, उन्हात.

आजही तसाच बसला. खांबाकडे नजर टाकून म्हणाला, “शिसव.”

“रंधा मारलास?” आबांनी विचारलं.

“मला लागत नाही.”

सुभद्रानं काजळी तासली. आतला ढलपा काढला, हुंगला, पेलाभर पाण्यात टाकला आणि पेला उंबऱ्यावर उन्हात ठेवला. बिवळ्याचं लाकूड भिजलं की पाणी निळं दिसतं, हे सुताराघरी कोणालाही ठाऊक.

चहा पिऊन झाला.

मग ती अंगणातून म्हणाली, “निळं उतरलं. बिवळा आहे.”

सगुणनं आतून, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून, वाकून पाहिलं होतं. निळं कसलं, फिक्का चहा. तिथूनच हे डोळ्यांचं भांडण पेटलं.

“तुम्हीच बघा, आबा.”

आबांनी बसल्या जागेवरून पाहिलं. “चहा.”

“ऐकलंस?” सगुण बाहेर तोंड करून म्हणाला.

“मला निळं दिसतंय, सगुणदादा. खोटं कशाला बोलू?”

“नवऱ्याची हत्यारं आणलीस, डोळेपण त्याचेच आणलेस काय?”

“हत्यारं त्याची. डोळे माझे.”

आबांनी विडी विझवली.

“जागा बदला.”

“कोणी?”

“दोघांनी.”

सगुण हलेना. शेवटी तो उठला, पाट पायानं जरा मागे ढकलला आणि अंगणात तिच्या जागेवर जाऊन बसला. पाठ भाजायला लागली. समोर पेला, पेल्यामागे मांगरातला काळोख.

पाण्यात कोणी नीळ सोडावी, तसं ते दिसत होतं.

“काय दिसतं?”

सगुणनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

“सगुण, काय दिसतं?”

“निळं.”

“लाकूड कुठलं?”

“बिवळा.” दाढ उपटावी तसा तो शब्द बाहेर आला.

“मग खोड सुभद्रा कोरील.”

सगुणनं मान हलवली. पण त्याची नजर पेल्यावर कुठे होती? ती केव्हाच आत गेली होती. सुभद्रा पाटावर टेकली होती. त्याच्या पाटावर, आबांना लागून, पदरानं वारा घेत.

आबांनी त्याची नजर पाहिली. मग सावकाश म्हणाले,

“तिथून तिला आता चहाच दिसतोय.”