शलाकांपुढचा पडदा

पूर्वी वेत्रनगरावरचा परक्या राजाचा अंमल उठून तिथे पुन्हा गणराज्य सुरू झाले, त्या काळी बोधिसत्त्व शलाका कोरणाऱ्याच्या घरी जन्म घेऊन मोठे झाले होते. त्या जन्मी त्यांचे नाव सोमिल होते.

या नगराची एक जुनी रीत होती. दर वर्षी फाल्गुनी पौर्णिमेला सभागृहात एक घडा ठेवीत आणि त्याच्यापुढे जाड पडदा लावीत. प्रत्येक घरातला एकजण पडद्याआड जाऊन बोटभर लांबीची लाकडी शलाका घड्यात टाकी. आहे तोच गणमुख्य राहावा असे वाटले तर तांबडी, दुसरा हवा असे वाटले तर पांढरी. कोणी कोणती टाकली, हे कोणालाच कळत नसे. परक्या राजाने आल्या आल्या ही रीत मोडली होती.

त्या राजाच्या सैन्याला पिटाळले ते जयंधराने. जयंधर हा सोमिलाचा बालमित्र. लोकांनी त्याला मोठ्या हौसेने गणमुख्य केले आणि पहिल्या वर्षी त्याने कामही तसेच केले. बुजलेली तळी उपसून घेतली, परक्यांनी डांबलेल्यांना मोकळे केले. दुसऱ्या वर्षी सरहद्दीवर गडबड होती म्हणून त्याने निवड पुढे ढकलली, तिसऱ्या वर्षी पीक बुडाले म्हणून. कारणे खरी होती, हीच तर पंचाईत होती. मग कारभाराला नावे ठेवणारे दोन सभासद तुरुंगात गेले, दाराशी पहारेकरी वाढले, आणि दुसऱ्याने चाखून पाहिल्याशिवाय जयंधर घास घेईनासा झाला.

चौथ्या वर्षी लोकच म्हणू लागले, निवड होऊ द्या, पण पडदा कशाला? ज्याने आपल्याला सोडवले त्याच्यापासून काय लपवायचे? पडदा लावला तर त्याला वाईट वाटेल. भाबडी माणसे ती! त्यांनी आपल्याच हाताने पडदा उतरवून ठेवला. जयंधराला भरून आले. आपण बाजूला झालो तर हे नगर चार दिवसांत बुडेल, असे त्याला अगदी मनापासून वाटत होते.

एकामागून एक घर पुढे आले. तांबडी, तांबडी, पुन्हा तांबडी. जयंधर प्रत्येकाकडे कौतुकाने पाहत होता, पण त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. शलाका कोरून वाटण्याचे काम सोमिलाचे, म्हणून त्याची पाळी सर्वांत शेवटी. सोमिल उठला, त्याने पांढरी शलाका सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि घड्यात टाकली.

पहारेकरी सरसावले. जयंधराने त्यांना हातानेच थांबवले, पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"तूसुद्धा? माझं काय चुकलं ते इथेच सांग."

"चुकलं बरंच आहे," सोमिल म्हणाला, "पण शलाका त्यासाठी टाकली नाही. जयंधरा, तुला झोप लागत नाही. माझ्या घरचं अन्नसुद्धा तू दुसऱ्याकडून चाखवून घेतोस. आम्हाला सोडवलंस, आता तुला कोण सोडवणार? मला दुसरा उपाय सुचला नाही रे."

आरोप झाला असता तर जयंधराजवळ उत्तर तयार होते. पण हा आरोप नव्हता. त्याने सभेकडे नजर वळवली. त्याच्या खांद्याला खांदा लावून लढलेली माणसे खाली मान घालून बसली होती. अशा खाली घातलेल्या माना त्याने परक्या राजाच्या दरबारात पाहिल्या होत्या.

तो आसनावरून उतरला. पहारेकऱ्यांना त्याने बाहेर जायला सांगितले आणि त्या दोन सभासदांना सोडवून आणून त्यांच्या जागी बसवले. मग तो स्वतः पडदा बांधू लागला. एकट्याने गाठ बसेना, तेव्हा सोमिलाने दुसरे टोक धरले. घडा रिकामा करून पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात झाली.

या वेळी पांढऱ्या शलाका जास्त निघाल्या, आणि थोड्याथोडक्या नव्हे. जयंधराला फार लागले. तो भिंतीला टेकून बसून राहिला. तेव्हा जिचे दोन मुलगे त्याच्या सैन्यात कामी आले होते, ती म्हातारी मंदा त्याच्याजवळ आली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "दमलास रे बाळा. आता जरा बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच घागर घेऊन पाणवठ्यावर गेला. लोक सवयीने बाजूला झाले. एक कुंभारीण तेवढी हलली नाही.

"अहो, मागे उभे राहा," ती म्हणाली, "आम्हालाही घाई आहे."

जयंधर मागे जाऊन उभा राहिला. कित्येक वर्षांनी त्याला हसू आले, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले.

एवढी कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षूंना सांगितली. परवाच विहाराचे प्रमुखपद आपणहून सोडलेले ज्येष्ठ भिक्षू थेर वारण समोर बसले होते. त्यांच्याकडे पाहून शास्ता म्हणाले, "तो जयंधर म्हणजे हे वारण. ती कुंभारीण आज भिक्षुणी उत्तमिका झाली आहे, आणि तिची जीभ अजून तशीच आहे. शलाका वाटणारा सोमिल मीच होतो. भिक्षूंनो, त्या दिवशी भरसभेत ज्या गुणामुळे सोमिलाचा हात अडखळला नाही, त्या गुणाला मैत्री म्हणतात."