टाकीतलं तपकिरी पाणी

“या विहारात कुणीतरी टाकीत चहा ओततंय. रोज. आणि कबूल करायची हिंमत कुणातच नाही.”

प्रज्वल हे सभागृहाच्या मधोमध उभा राहून बोलला. नाव कुणाचंच घेतलं नाही.

सतरंज्या अंथरणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यातल्या सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या, “एवढा पातळ चहा आम्ही करत नाही.”

दाराशी माशांची मोठी काचेची टाकी होती. आत पाणवनस्पती, आणि मधोमध नदीत वाहून आलेलं एक वाकडंतिकडं लाकूड. सगळी मांडणी प्रज्वलची. आज दुपारी विहाराच्या अभ्यासिकेचं उद्घाटन होतं. पायरी चढून आलेल्या माणसाला आधी ही टाकी दिसावी, पाणी असं नितळ की मध्ये पाणी आहे हेच कळू नये... असं त्याच्या मनात होतं.

पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं.

तो तडक भन्ते सुमेधांच्या खोलीत गेला. एम.एस्सी. झाल्यावर नोकरी न शोधता तो त्यांच्याकडे राहायला आला होता. येत्या पौर्णिमेला चीवर घेऊन भिक्षू होणार होता.

“भन्ते, एक तर तो माणूस समोर येईल, नाहीतर मी जातो. जिथे एवढंसं खरं कुणी बोलत नाही, तिथे मी दीक्षा कशी घेऊ?”

भन्ते खिडकीपाशी बसून चीवराचा उसवलेला काठ शिवत होते.

“संशय कुणावर आहे?”

“कुणा एकावर नाही.”

“म्हणून सगळ्यांनी वाटून घेतला. बायका आता चहा बाहेर नेऊन पितायत. उन्हात, उभ्यानं.”

प्रज्वलनं खिडकीबाहेर एक नजर टाकली.

“पाणी तर बिघडलंय ना?”

भन्तेंनी खिडकीतला पेला पुढे सरकवला. पाणी तसंच तपकिरी. तळाशी लाकडाची एक ढलपी.

“काल यात साधं पाणी भरलं. ढलपी तुझ्या लाकडाची. इथे चहा कुणी ओतला?”

प्रज्वलनं पेला उजेडात धरला. वास घेतला.

“लाकूड रंग सोडतंय...”

“नदीवरून कुणी आणलं?”

“मी.”

“किती भिजवलंस?”

“धुतलं होतं. भिजवत कुठे बसणार? वनस्पती रुजायला हव्या होत्या. उद्घाटनाची तारीख ठरली होती.”

“लाकडाला कळवली होतीस तारीख?”

प्रज्वलचे कान तापले.

“ठीक आहे. आत्ताच उपटतो ते. सगळं पाणी उपसतो, नळाचं ताजं भरतो. पाहुणे यायच्या आत टाकी स्वच्छ.”

“आणि मासे?”

प्रज्वलनं पेला खाली ठेवला.

“थोडं पाणी काढ, थोडं घाल. उद्या पुन्हा थोडं. रंग संपेल तेव्हा संपेल.”

“कधी?”

भन्ते सुईत दोरा ओवू लागले. मग मान वर न करता म्हणाले, “बायकांना काय सांगणार आहेस?”

“पाणी स्वच्छ झालं की सांगतो.”

तो निघालाच.

टाकीपाशी येऊन त्यानं बाही वर सारली, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि लाकूड ओढलं. ते सहज येईना. त्यानंच दोऱ्यानं बांधलेली नेच्याची रोपं आता आपल्या मुळांनी लाकडाला धरून होती, आणि त्यांची काही मुळं खाली वाळूतही गेली होती. त्यानं जोर लावला. दोन पानं तुटून वर तरंगली. मासे सैरावैरा धावले, काचेवर आपटले, आणि पुन्हा त्याच लाकडाखाली, त्याच्या हाताखाली येऊन दाटले.

वर ओढावं, तर मुळं तुटत होती.

खाली सोडावं, तर मासे चिरडणार होते.

तो तसाच उभा राहिला. हात अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. मागे सतरंज्यांचा आवाज थांबला होता.

भन्ते दारात आले. बोटात सुई तशीच होती.

“भन्ते, काढू की ठेवू?”

“लाकडाचं नंतर बघू. त्या बायका तुझ्या मागे उभ्या आहेत.”

प्रज्वलनं मान वळवली. आरोप करताना जेवढा आवाज लागला होता, तेवढा आता निघेना.

“चहा... कुणी ओतला नव्हता. लाकूड मी आणलं. न भिजवता.”

पाणी त्याच्या कोपरावरून थेंब थेंब फरशीवर पडत राहिलं.

तेवढ्यात पहिली पाहुणी पायरी चढून आली, वैनगंगेपलीकडची एक म्हातारी. तिनं चपला काढल्या, धाप ओसरू दिली, टाकीच्या काचेला नाक लावून आत बराच वेळ पाहिलं.

“काय धरून ठेवलं गा बापू एवढं गच्च? बोटं पांढरी पडली तुझी.”