मुद्दाम ठेवलेलं भोक

एका गावात एक भोळा पिराजी होता. तसे गावात पिराजी तिघे होते, पण भोळा म्हटलं की लोक याच्याकडेच बोट दाखवायचे. बोट दाखवलं की हा त्या बोटाकडे बघत राहायचा.

गाव घाटाच्या पायथ्याशी. फाट्यावर बाबालाल वस्तादांचं मोटार गॅरेज होतं. पिराजी तिथं बारा वर्षं कामाला होता. चाळिशी ओलांडली, कानावरचे केस पिकले, पण अजून तो झाडलोट करायचा, फडकी धुवायचा आणि चहा आणायचा. पाना काही कुणी त्याच्या हाती देत नसे. एकदा दिला होता. वस्ताद म्हणाले होते, "गाडीची चाकं खोल." यानं दारात जेवढ्या गाड्या उभ्या होत्या तेवढ्या सगळ्यांची चाकं खोलली. त्यात एक वरातीची होती, नवरानवरीसकट.

घरी त्याची बायको सुगंधा अख्ख्या आळीला सांगायची, "आमचं हे मिस्त्री हाईत." पिराजीला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्याची इच्छा एकच होती. स्वतःचा एक पाना असावा, आणि वस्तादांनी एकदा, अगदी एकदाच, आपल्याला मिस्त्री म्हणावं.

एका गुरुवारी रेणुकाताई इंगवले आपली लाल गाडी घेऊन गॅरेजात आल्या. ताई दरवर्षी घाटचढाईच्या शर्यतीत उतरायच्या. त्यांच्या इंजिनाला सुपरचार्जर बसवला होता. म्हणजे पट्ट्यावर फिरणारा एक पंखा, जो इंजिनात जोरानं हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. पण यंदा गाडी चढाला लागली की धापा टाकायची.

"वस्ताद, रविवारी शर्यत आहे," ताई म्हणाल्या, "आणि गाडीत दमच राहिला नाही."

वस्तादांनी बॉनेट उघडलं. "कुठंतरी नळीतनं हवा गळतीया, ताई. पंखा कोंबतोय, पण इंजिनापर्यंत पोचंना. शोधतो."

त्यांनी हवा आत घेणारं तोंड रबरी टोपणानं बंद केलं, कॉम्प्रेसरनं नळ्यांत बेताची हवा भरली आणि साबणाचं पाणी शिंपडलं. पिराजी मान वाकडी करून बघत होता. वस्तादांना त्याची दया आली.

"बघ लेका, शिकून घे. जिथं फुगा येतो तिथं गळती. फुगा दिसला की अशी क्लिप घालायची आणि आवळायची." त्यांनी नळीभोवती आवळायची पत्र्याची पट्टी त्याला दाखवली.

"कळलं, वस्ताद," पिराजी म्हणाला. त्याला सगळं पटलं होतं. चार-दोन क्लिपा खिशात टाकून तो जेवायला घरी गेला.

सुगंधा भाकरी भाजत होती. भाकरी निखाऱ्यावर टाकली आणि ती टम्म फुगली.

"गळती!" पिराजी ओरडला. त्यानं झटक्यात भाकरी उचलली, तिला क्लिप घातली आणि आवळली. भाकरीतली वाफ फुस्स करून त्याच्याच मिशीवर आली. मिशी थोडी गेली, पण भाकरी बसली. पिराजी समाधानानं म्हणाला, "थांबली बघ."

सुगंधा गाल फुगवून भिंतीकडे तोंड करून बसली.

पिराजीनं ते दोन्ही गाल नीट बघितले. मग जेवण टाकून धावत गॅरेजात आला.

"वस्ताद, मोठ्या मापाची क्लिप हाय का?"

"कशाला रं?"

"सुगंधीच्या तोंडाला."

वस्तादांनी कपाळावर हात मारला. पिराजीनंही मारला, कारण वस्ताद करतात ते शिकून घ्यायचं असतं. तेवढ्यात वस्तादांची नजर दुसरीकडे आहे बघून त्यानं फळीवरची सगळ्यात मोठी क्लिप खिशात घातली. पुढं लागेल म्हणून.

"नुसता फुगा बघून आवळायचं नसतं," वस्ताद म्हणाले. "आधी कान लाव. नळीत हवा फुकली आणि भोकातनं आवाज आला, तर ती गळती. मग तिथं चिकटपट्टी गुंडाळ, आवाज बंद झाला का बघ."

"कळलं, वस्ताद."

शुक्रवारी सकाळी तो चहा आणायला निघाला. मारुतीच्या देवळात कुणाचा तरी साखरपुडा होता. दौलू गुरव सनई वाजवत होते. पिराजी थबकला. त्यानं कान लावला. माणूस नळीत हवा फुकत होता आणि आवाज भोकांतून बाहेर पडत होता. एक नाही, दोन नाही, ओळीनं सात भोकं!

"अरारारा," पिराजी हळहळला, "म्हाताऱ्याचा केवढा दम वाया चाललाय."

गुरव सनई ओट्यावर ठेवून पान लावायला बसले. पिराजीनं खिशातली काळी चिकटपट्टी काढली आणि सातही भोकं बुजवली. पुढं तर अख्खं तोंडच उघडं होतं. तिथं त्यानं फडकं कोंबलं आणि चहा आणायला गेला.

इकडे नवऱ्या मुलानं अंगठी घातली. गुरवांनी सनई ओठाला लावून फुंकली. काही नाही. आणखी जोरानं फुंकली. गाल फुगले, डोळे बाहेर आले, फेटा सुटला, सनईतून हूं नाही की चूं नाही. शेवटी नवऱ्या मुलाच्या आत्यानं तोंडानंच पीं पीं केलं आणि साखरपुडा उरकला.

गुरव सनई सोट्यासारखी धरून गॅरेजात आले. वस्तादांनी त्यांना कसंबसं शांत केलं, पट्टी सोलली, फडकं ओढून काढलं आणि पिराजीचा कान धरला.

"आरं, काही भोकं मुद्दाम ठेवल्याली असत्यात! ती बुजवायची नसत्यात. आधी विचारायचं, हे भोक मुद्दाम ठेवलंय का? नाही म्हटलं, तरच आवळायचं. कळलं?"

"कळलं, वस्ताद." आणि खरंच कळलं होतं. ते कुणाला विचारायचं एवढंच वस्ताद सांगायला विसरले.

शनिवार उजाडला. वस्तादांनी एकूणएक जोड तपासला होता, तरी गळती सापडेना. ताई येरझाऱ्या घालत होत्या. इंजिन चालू होतं. पिराजी गाडीखाली पडून, नळीच्या पोटाला कान लावून कुणाशी तरी बोलत होता.

"मुद्दाम हाईस का? सांग की. मुद्दाम हाईस का?"

"कुणाशी बोलतोस रं?" वस्तादांनी विचारलं.

"ह्या भोकाशी. तीनदा विचारलं, बोलंना. म्हणून ह्यात आता बोट..."

"बोट काढ!" वस्तादांनी त्याला तंगडी धरून बाहेर ओढलं. "वरनं पट्टा फिरतोय! चालू यंत्रात हात घालायचा नसतो. आधी बंद करायचं, मगच हात लावायचा."

"कळलं, वस्ताद."

मग वस्ताद थांबले. "कुठलं भोक म्हणालास?"

इंजिन बंद करून ते स्वतः खाली शिरले. रबरी नळी खालून एका लोखंडी पट्टीला घासत होती, आणि बरोबर तिथं, वरून कुणाला दिसणार नाही अशी, बोटभर चीर पडली होती. तीन दिवस वस्ताद जिला शोधत होते, तिच्याशी पिराजी गप्पा मारत होता.

वस्तादांनी नवी नळी बसवली, पुन्हा घासू नये म्हणून पट्टी वाकवली, साबणाचं पाणी मारलं. एक फुगा आला नाही. ताईंनी गाडी घाटात नेऊन आणली, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

वस्तादांनी पिराजीच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या ताई जिंकल्या, तर तुला तुझा पाना. माझा शब्द."

पिराजीला रडू आलं. तो घरी गेला आणि सुगंधाला म्हणाला, "उद्या शर्यतीला चल. नवं लुगडं नेस."

रविवारी घाटमाथ्यावर जत्रेसारखी गर्दी. शेवटच्या रेषेवर हवेनं फुगवलेली मोठी पिवळी कमान उभी होती. सुगंधा पुढच्या रांगेत बसली होती आणि शेजारणीला सांगत होती, "आमच्या मिस्त्रींनी गळती शोधली." पिराजीनं जीव मुठीत धरला होता. खालून घरघर ऐकू आली. पहिल्या वळणावर निळी गाडी पुढं, दुसऱ्यावर निळीच पुढं, आणि शेवटच्या उभ्या चढावर लाल गाडीनं असा काही दम मारला की निळी जागच्या जागी राहिली. ताई जिंकल्या!

वस्तादांनी खिशातून नवा कोरा पाना काढला. सगळ्या गर्दीदेखत पिराजीच्या हातात ठेवला.

"घे लेका. आता जबाबदारीनं वाग. शिकवलंय ते एकही विसरू नकोस."

"विसरणार न्हाई, वस्ताद."

मिस्त्री काही ते म्हणाले नाहीत. पिराजीला थोडं वाईट वाटलं. पण पाना गार होता, जड होता आणि आपला होता.

सत्कारासाठी सगळे कमानीखाली जमले. ताई, वस्ताद, फेटा बांधलेले पाहुणे, हार घेतलेली मंडळी. पिराजी कमानीच्या मागं उभा होता. तिथं त्याला आवाज आला. सूंऽऽ.

त्यानं कान लावला. कमानीच्या शिवणीतून हवा बाहेर येत होती. खाली एक पंखा जोरानं आत हवा कोंबत होता. अगदी ताईंच्या गाडीसारखं. पिराजीच्या अंगावर काटा आला. एवढी मोठी गळती, आणि लोक खुशाल भाषण ऐकतायत!

शिकवलेलं त्यानं एकेक आठवलं. चालू यंत्रात हात घालायचा नाही. आधी बंद करायचं.

त्यानं पंख्याचं बटण बंद केलं.

कमान आधी जरा विचारात पडली. मग कमरेत वाकली. मग पाहुणे "या घाटाची मान आज उंच" असं म्हणत असतानाच ती सत्कारासकट सगळ्यांवर बसली. ताई तेवढ्या चपळाईनं बाहेर निसटल्या.

पिराजी धावत पुढं आला. बघतो तर काय, पिवळ्या कापडावर फुगे! इथं एक, तिथं एक, पाच-सहा फुगे, आणि हलतायत!

सगळ्यात मोठ्या फुग्यापाशी तो गेला. फुगा होता. कान लावला, आतून आवाजही येत होता. पण आता पिराजी पूर्वीचा राहिला नव्हता. त्यानं घाई केली नाही. वाकून अदबीनं विचारलं,

"हे मुद्दाम ठेवलंय का?"

"मुद्दाम?" फुगा वस्तादांच्या आवाजात ओरडला. "मुद्दाम कोण मरायला शिरंल हितं? न्हाई! मुद्दाम न्हाई!"

पिराजीनं खिशातून सगळ्यात मोठी क्लिप काढली, फुग्याला बरोबर कानांच्या वर घातली आणि आपल्या नव्या पान्यानं आवळायला लागला.

"आगाईऽऽ! सोड! पाया पडतो, मिस्त्री, सोड!"

पिराजीचा हात थांबला. त्यानं वळून सुगंधाकडे बघितलं. तिनंही ऐकलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा वस्ताद त्याला मिस्त्री म्हणाले होते, आणि तेही अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं.

डोळे पुसून, आनंदाच्या भरात, त्यानं आणखी अर्धा आटा आवळला.