कडुनिंबाखालचे बाकडे

एका गावातल्या चर्चमध्ये एक जुना पियानो होता आणि तो शिकवणाऱ्या मार्थाबाई होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले दिवसभर त्यांच्याकडे शिकायला येत. बाईंचा एक नियम होता. मनगट दुखू लागले की पियानोवरून उठायचे आणि बाहेर कडुनिंबाखालच्या बाकड्यावर हात मोकळे सोडून बसायचे.

मुलांनी या नियमाचा भलताच अर्थ लावला: जो उठला तो कच्चा. बाकड्यावर जो बसेल त्याला ती ‘सावलीतला पाहुणा’ म्हणून चिडवत. मुलेच ती!

एस्तेर त्या सगळ्यांत हुशार. तिचे वडील शांतवन चर्चची घंटा वाजवत. सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी एकाच मुलाला गावासमोर वाजवायला मिळे. तो मान आपल्या लेकीला मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. एस्तेरला ती ठाऊक होती.

बाई सांगत, “बोटं आवळू नकोस गं. भाकरी तव्यावर सोडतेस ना, तसा हात अलगद सोड.”

एस्तेर मान हलवी आणि पुन्हा हात आवळून भरभर वाजवी. तो वेग पाहून मुले टाळ्या पिटत. हळूहळू तिचे मनगट ठणकू लागले. तिने त्यावर घट्ट फडके बांधले आणि ऐन मे महिन्यात लांब बाह्यांचा झगा घातला.

“उकडत नाही का गं?” बाईंनी विचारले.

“नाही, बाई.”

बाईंनी विषय तिथेच सोडला. याची टोचणी त्यांना पुढे जन्मभर राहिली.

रविवार आला. शांतवन ठेवणीतला सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. एस्तेर सुरेख वाजवत होती. मध्येच तिचा उजवा हात थांबला. तिने डाव्या हाताने तो उचलून पट्ट्यांवर ठेवला. तो घसरून मांडीवर पडला.

वडील धावले. त्यांनी बाही वर सारली, फडके सोडले. सुजलेले मनगट पाहून त्यांना रडूच कोसळले.

“अगं, सांगायचंस तरी!”

“सगळे हसले असते, बाबा.”

औषधपाणी खूप झाले. हात घरकामापुरता बरा झाला, पियानोपुरता झाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एस्तेर रोज कडुनिंबाखाली येऊन बसे. आतून सूर येत आणि तिच्या डाव्या हाताची बोटे झग्यावर हलत. उजवा हात तसाच पडून असे.

एके दिवशी एक चिमुरडी मनगट चोळत बाहेर आली. डोळे पुसत म्हणाली, “मला काही दुखत नाहीये. मी नुसतीच आलेय.”

एस्तेरने सरकून तिला जागा करून दिली.

“बस,” ती म्हणाली. “मी बसले नव्हते.”

तात्पर्य: वेळेवर थांबणे हादेखील अभ्यासच आहे. दुखणे लपवणारा हातची विद्या गमावतो, आणि थांबणाऱ्याला हसणारे त्या पापाचे वाटेकरी होतात.